पेन्सिलीने लिहिलेले उच्चार आणि मेंदूतलं रक्त



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि सोबत एक अट घातली आहे. "तू काय काम करतेस ते सांग, पण आम्हाला कळेल असं सांग." अट रास्त आहे. मागे एकदा गावात कुणाला तरी मी "मेडिकल इमेजिंगचं सॉफ्टवेअर करते" असं सांगितलं, तर त्याने लगेच खिशातून मोबाईल काढला आणि म्हणाला, "मग याचा कॅमेरा बघ जरा."

मी इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे जेवणाच्या पंगतीत कुणी रिपोर्ट काढून दाखवणार नाही. एमआरआयच्या यंत्रातून जे आकडे बाहेर पडतात, त्यांचं चित्र तयार करणं हे आमचं काम. त्यातला एक प्रकार असा आहे की माणूस काहीतरी करत असताना, म्हणजे बोटं हलवताना, चित्र बघताना, वाचताना, त्याच्या मेंदूत कुठल्या भागात रक्त वाढलं ते दिसतं. त्याला फंक्शनल एमआरआय म्हणतात. आज त्याविषयीच बोलते. कारण त्यातला एक अभ्यास मी वाचला तेव्हा मला वाटलं, हा तर आपल्या वर्गावरच लिहिलाय. पहिलीत अ-आ-इ-ई आणि पाचवीत एबीसीडी शिकलेल्या पोरांवर. तिथे पोचायला आधी थोडं विज्ञान लागेल. विज्ञानाच्या सरांनी काही चुकलं तर नेहमीप्रमाणे उभं करावं.

कोविडच्या दिवसांत आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या घरी ते बोटाला लावायचं चिमट्यासारखं यंत्र आलं, ऑक्सिमीटर. ९८ दिसलं की हायसं वाटायचं, ९० च्या खाली गेलं की पळापळ. सुई न टोचता ते यंत्र रक्तातला ऑक्सिजन सांगतं कसा? रंगावरून. ऑक्सिजन घेतलेलं रक्त लालभडक असतं, ऑक्सिजन देऊन टाकलेलं काळपट. यंत्र बोटातून दोन प्रकारचा प्रकाश सोडतं, एक लाल आणि एक डोळ्यांना न दिसणारा अवरक्त, आणि कुठला किती शोषला गेला ते मोजतं. ही युक्ती ताकुओ आओयागी नावाच्या जपानी माणसाने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला काढली. तोही इंजिनिअरच होता, बरं का.

रंगाशिवाय आणखी एक गोष्ट बदलते, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरिएल यांनी १९३६ मध्ये दाखवून दिलं की ऑक्सिजन देऊन टाकलेलं हिमोग्लोबिन चुंबकाकडे किंचित ओढलं जातं, ऑक्सिजन धरून असलेलं ओढलं जात नाही. तेव्हा या माहितीचा मेंदूशी काही संबंध असेल असं कुणाला वाटायचं कारण नव्हतं. पन्नासेक वर्षं ती तशीच पडून होती.

आता मेंदू. वजनाने शरीराच्या सुमारे दोन टक्के, पण शरीराच्या ऑक्सिजनपैकी सुमारे वीस टक्के तो एकटा खातो. आणि साठवून जवळजवळ काही ठेवत नाही, रोजच्या रोज आणून खाणारं घर. म्हणून एखाद्या भागात काम वाढलं की तिथे रक्त वाढतं. ही कल्पना जुनी आहे. इटलीतल्या आंजेलो मोस्सो या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एका शेतकऱ्याचा अभ्यास केला होता. अपघातात त्याच्या कवटीचं हाड गेलं होतं आणि तिथे मेंदूचे ठोके बाहेरून मोजता येत. चर्चची घंटा वाजली की त्या माणसाच्या मेंदूचे ठोके मोठे व्हायचे, हात मात्र स्वस्थ. आपल्याकडे महागणपतीच्या देवळातली घंटा ऐकून आपल्या डोक्यातही तेच होत असणार, फक्त आपली कवटी शाबूत असल्यामुळे कुणाला ते कळत नाही.

यापुढच्या तीन तारखा मी मुद्दाम आपल्या शाळेच्या वर्षांशी लावून सांगते.

१९८६, आपण पहिलीत. त्या वर्षी आमिराम ग्रिनवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगातल्या प्राण्याच्या उघड्या मेंदूवर प्रकाश टाकून कॅमेरा लावला. प्राण्याच्या डोळ्यांसमोर काही दाखवलं की मेंदूच्या कामाला लागलेल्या भागाची छटा किंचित बदलायची. म्हणजे ऑक्सिमीटरचीच जात, बोटाऐवजी मेंदूवर. त्याच वर्षी अमेरिकेत पीटर फॉक्स आणि मार्कस रायकल यांनी माणसांच्या बोटांना कंप देऊन मेंदूत काय होतं ते मोजलं. त्या भागात रक्तप्रवाह २९ टक्क्यांनी वाढला. आणि ऑक्सिजनचा खप? फक्त ५ टक्क्यांनी. सगळ्यांनी धरून चाललं होतं की जेवढा खप तेवढाच पुरवठा. निघालं भलतंच. लग्नघरात पाच पाहुणे वाढले म्हणून आचाऱ्याने एकोणतीस पानं मांडावीत, तसं. असं का, यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात. पण याचा परिणाम मोठा गमतीचा आहे. जिथे मेंदू जास्त काम करतो तिथलं रक्त काळपट होण्याऐवजी उलट जास्त लाल होतं, कारण वाढलेली पानं उरतात.

१९९०, आपण पाचवीत, फळ्यावर पहिल्यांदा कॅपिटल ए. त्या वर्षी सेइजी ओगावा या मूळच्या जपानी शास्त्रज्ञाने, तेही टेलिफोन कंपनीच्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेत, उंदरांच्या मेंदूचे एमआरआय काढले. साधी हवा दिली तर रक्तवाहिन्यांच्या जागी काळ्या रेषा दिसायच्या, शुद्ध ऑक्सिजन दिला की रेषा पुसल्या जायच्या. पॉलिंगचं ते १९३६ चं चुंबकी हिमोग्लोबिन आता चित्रात उतरलं. औषध टोचायला नको, किरणोत्सर्ग नको, रक्त स्वतःच शाईचं काम करतं.

आणि १९९२, आपण सातवीत. अमेरिकेतल्या तीन वेगवेगळ्या गटांनी, बॉस्टन, मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन इथे, जागच्या जागी शुद्धीत असलेल्या माणसांवर हेच करून दाखवलं. कुणी डोळ्यांसमोर दिवे लुकलुकवले, कुणी बोटं हलवायला सांगितली, आणि मेंदूतला नेमका तो भाग किंचित उजळला. किंचित म्हणजे शंभरात एखाद-दोनने. छापील चित्रांत जी लालपिवळी आग लागलेली दिसते ती आमच्यासारखे सॉफ्टवेअरवाले नंतर रंगवतात. प्रत्यक्षात डोळ्यांना काही कळू नये इतका तो फरक बारीक असतो.

आता माझं मत सांगते. हे चित्र विचाराचं नाही. तुमच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर काम वाढलं की आतला पंखा जोरात फिरायला लागतो. पंख्याच्या आवाजावरून कळतं की यंत्र कामात आहे, कधी कधी कुठला भाग तापलाय तेही कळतं. पण तो एक्सेल चालवतोय की पोरगा गेम खेळतोय, हे पंखा सांगत नाही. शिवाय पंखा उशिरा सुरू होतो. मेंदूतला संदेश हजारांश सेकंदांत जातो, आणि रक्ताची लाट शिगेला पोचायला पाच-सहा सेकंद लागतात. चित्रातला एक ठिपका म्हणजे साधारण तीन मिलिमीटरचा चौकोनी तुकडा, आणि त्यात लाखो पेशी. म्हणून कुणी वर्तमानपत्रात "मेंदूतलं प्रेमाचं केंद्र सापडलं" असं छापलं की मी पान उलटते.

यात आकडेमोडीचेही सापळे आहेत. आपण सगळे मासेखाऊ, म्हणून हा किस्सा सांगतेच. २००९ मध्ये अमेरिकेत क्रेग बेनेट आणि मंडळींनी एक सामन मासा, आपला रावस नव्हे, अटलांटिकमधला, एमआरआयमध्ये ठेवला. मेलेला. त्याला माणसांचे फोटो दाखवले आणि विचारलं, या माणसाला काय वाटत असेल? नेहमीच्या ढिल्या पद्धतीने हिशेब केल्यावर मेलेल्या माशाच्या मेंदूत उजळलेला ठिपका निघाला! कारण सोपं आहे. हजारो ठिकाणी एकाच वेळी तपासलं तर नुसत्या योगायोगाने कुठेतरी काहीतरी निघतंच, त्याची दुरुस्ती करावी लागते. त्यांना हेच दाखवायचं होतं. मग २०१६ मध्ये स्वीडन आणि इंग्लंडमधल्या तिघा संशोधकांनी, या क्षेत्रात सगळे वापरतात ती तीन सॉफ्टवेअर तपासली. काही पद्धतींत खोटे ठिपके निघण्याचं प्रमाण पाच टक्के असायला हवं तिथे सत्तर टक्क्यांपर्यंत जात होतं. त्यातल्या एका सॉफ्टवेअरमधली चूक पंधरा वर्षं कुणाच्या लक्षात आली नव्हती. आमच्या ऑफिसात त्या आठवड्यात कुणी फारसं हसलं नाही.

दरवेळी मला विचारलं जातं, "म्हणजे मशीनमध्ये घातलं की खोटं पकडतं का?" हा प्रश्न नुसता गमतीचा नाही. २००८ मध्ये पुण्यातल्या एका खुनाच्या खटल्यात आरोपीच्या डोक्याला तारा लावून केलेल्या चाचणीचा निकालपत्रात आधार घेतला गेला. ती चाचणी रक्ताची नव्हे, मेंदूतल्या विजेची होती, पण दावा तोच, की माणूस गप्प बसला तरी त्याला अनुभवलेलं आठवतं की नाही हे यंत्र सांगेल. जगभरच्या तज्ज्ञांनी त्यावर शंका घेतल्या. मग ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात ठरवलं की नार्को, लाय डिटेक्टर आणि मेंदूच्या असल्या चाचण्या माणसाच्या संमतीशिवाय करता येणार नाहीत. ज्या गावात १९३० च्या जंगल सत्याग्रहानंतर लोकांनी पोलीस आणि कोर्ट या दोन्ही गोष्टी जवळून बघितल्या, त्या गावात या निकालाचं महत्त्व मी जास्त फोडून सांगायला नको.

आता आपल्या वर्गाकडे येते.

हरियाणात गुडगावजवळ मानेसरला राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे. तिथे नंदिनी चॅटर्जी सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देवनागरी वाचताना मेंदूत काय होतं ते फंक्शनल एमआरआयने पाहिलं. अभ्यास हिंदी वाचणाऱ्यांवर होता, पण लिपी आपलीच. आपण ती इतकी सवयीने वाचतो की तिची वैशिष्ट्यं लक्षात येत नाहीत. आपल्या गावाचं नावच घ्या, चिरनेर. पाटीवर डोळ्यांना आधी पहिली वेलांटी दिसते, मग च. जीभ मात्र आधी च म्हणते, मग इ. एकार वर बसतो, उकार खाली लटकतो, काना उजवीकडे, वेलांटी डावीकडे. रोमन अक्षरं रांगेत उभी राहतात, आपली चारही बाजूंनी चिकटतात. २००९ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये आलेल्या त्यांच्या लेखात दिसलं की देवनागरी वाचताना वाचनाचे डाव्या मेंदूतले नेहमीचे भाग तर लागतातच, शिवाय उजव्या बाजूचेही काही भाग कामाला लागतात. त्यावर लगेच "इंग्रजीपेक्षा हिंदी वाचल्याने मेंदू तल्लख होतो" अशा बातम्या आल्या. तसं त्यात काही नव्हतं. पंखा दोन्हीकडे फिरला, एवढंच.

मला जास्त आवडला तो २०११ चा अभ्यास. दोन्ही लिपी वाचणारी मोठी माणसं घेतली, दोन गटांत. पहिल्या गटात १४ जण, जे हिंदी आणि इंग्रजी दोन्ही पाचव्या वर्षापासून वाचायला शिकले. दुसऱ्या गटात १० जण, जे हिंदी पाचव्या वर्षी आणि इंग्रजी दहाव्या वर्षी शिकले. दुसरा गट कोण ते ओळखलंत? आपल्या वेळी मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासून होतं. पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली, आपण शाळा सोडून चार वर्षं झाल्यावर.

ढोबळमानाने सांगायचं तर मेंदूत वाचनाचे दोन रस्ते आहेत. वरच्या रस्त्याने आपण अक्षराला आवाज जोडत जोडत शब्द उभा करतो. खालच्या रस्त्याने आख्खा शब्द चेहरा ओळखावा तसा ओळखतो. देवनागरीत जसं लिहिलं तसं बऱ्यापैकी वाचलं जातं, म्हणून वरचा रस्ता पुरतो. इंग्रजीत नाईफच्या आधी के गप्प बसलेला असतो आणि इनफच्या शेवटी जी-एच येऊन फ म्हणतात. तिथे जोडत बसलात तर फसलात, शब्द तोंडओळखीचाच हवा. पहिल्या गटातल्या माणसांच्या मेंदूत हे दोन रस्ते वेगळे दिसले, हिंदीला वरचा, इंग्रजीला खालचा. दुसऱ्या गटातली माणसं मात्र हिंदीला वरच्या रस्त्याने जात होती आणि इंग्रजीलाही वरच्याच.

हे वाचलं तेव्हा मला आपली पाचवीची पुस्तकं आठवली. प्रत्येक इंग्रजी शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलीने देवनागरीत उच्चार. 'वुइ', 'दे', 'बिकॉज'. बाई म्हणायच्या, खोडून टाका, तुम्ही खालचं वाचतच नाही. बाई, तुमचं अगदी बरोबर होतं. आम्ही खालचं वाचत नव्हतो, वरचंच वाचत होतो. आणि त्या दहा जणांच्या चित्रांवरून वाटतं की पेन्सिल पुसली तरी मोठेपणी तोच रस्ता चालू राहतो.

मला अजून इंग्रजी ईमेल वाचताना ओठ हलवायची सवय आहे. पहिल्या नोकरीत, त्या कंपनीचं नाव नको, एक साहेब त्यावरून चारचौघांत बोलले होते. तेव्हा मान खाली घातली होती. आज तेच झालं तर मी त्यांना फॉक्स आणि रायकलपासून सुरुवात करून तासभर ऐकवीन.

आपल्यातले काही जण आज इथे नाहीत याचं एक कारण इंग्रजीचा पेपर आहे. गणितात माझ्यापेक्षा पुढे असलेला एक मुलगा दहावीला फक्त इंग्रजीत राहिला, पुन्हा बसला नाही, पनवेलला कामाला लागला. त्याचं डोकं कमी होतं असं तेव्हा सगळे म्हणाले. त्याचं डोकं कमी नव्हतं हे सांगायला मला एमआरआयची गरज नाही, आपल्या सगळ्यांना ते माहीत होतं. पण उशिरा शिकलेल्या लिपीसाठी मेंदू जुनाच रस्ता वापरतो आणि तरी माणूस वाचू शकतो, हे चित्रात बघायला मिळणं यात मला समाधान वाटतं.

याचा उलटा अर्थ मात्र कुणी काढू नका. "म्हणजे पोरांना बालवाडीपासून इंग्रजी माध्यमातच घालायला हवं" असं हा अभ्यास म्हणत नाही. पहिल्या गटातली मुलं दोन्ही लिपी बरोबरीने शिकलेली होती, देवनागरी बाजूला टाकून नव्हे. आणि १४ आणि १० माणसांवरून अख्ख्या तालुक्याच्या शाळांचा निकाल लावायचा नसतो. माझी भाची आठवीत आहे, इंग्रजी माध्यमात, आणि आजीचं पत्र तिला मोठ्याने वाचून दाखवावं लागतं. तिच्या मेंदूत कुठला रस्ता बांधायचा राहिला, तेही कुणीतरी मोजायला हवं.

शेवटचा भाग कामाचा आहे आणि त्यात मला तुमची मदत हवी आहे. मेंदूत गाठ असली आणि ती बोलण्याच्या भागाजवळ असली, तर शस्त्रक्रियेआधी सर्जन फंक्शनल एमआरआय करून घेतात. पेशंटला यंत्रात झोपवतात, एकामागून एक चित्रं दाखवतात आणि वस्तूंची नावं मनात म्हणायला सांगतात. जिथे रक्त वाढतं तो भाग जपायचा. आता समजा, आपल्याकडची एखादी मावशी तिथे झोपली आहे, आयुष्य आगरी बोलण्यात गेलेलं. यंत्र ठकठक करतंय आणि समोर चित्र येतं स्लेजगाडीचं, नाहीतर सफरचंद सोलायच्या यंत्राचं. ती काय म्हणणार? काहीच नाही. तिचं काही चुकलेलं नसतं, पण चित्रात भाग उजळत नाही. उजळला नाही म्हणजे तिथे बोलणं नाही, असं समजून कुणी तिथे सुरी चालवली तर? चांगले डॉक्टर एवढ्यावर विसंबत नाहीत, गरज पडल्यास पेशंटला जागं ठेवून ऑपरेशन करतात. तरी सुरुवातच माणसाच्या भाषेत झाली तर बरं.

म्हणून मी साध्या रेखाचित्रांचा एक संच करते आहे. वस्तू अशी हवी की चित्र बघताक्षणी आपल्या भागातला म्हातारा-म्हातारीही न अडखळता एकच नाव सांगेल. कोयता, सूप, होडी, जाळं, पाटा-वरवंटा, केळीचा घड इथपर्यंत मी आले. तो माणूस 'डोळा' म्हणेल की 'डोला', 'पाणी' म्हणेल की 'पानी', याने फरक पडत नाही. पण एकाच वस्तूला चिरनेरला एक नाव आणि खाडीपलीकडे दुसरं असेल तर ती वस्तू बाद. मला साठ वस्तू हव्यात आणि सध्या चौतीस झाल्यात. चित्रकलेच्या सरांनी रेखाटनं करून द्यायचं कबूल केलं आहे. जेवणानंतर मी वडाखाली वही घेऊन बसेन. येताना घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला विचारून दोन-दोन वस्तू घेऊन या, आणि ज्यांचे आई-वडील सोबत आलेत त्यांनी त्यांनाच पाठवा.